वाऱ्याकडे पाठ

माझ्या कादंबरीत खून एकच आहे. तोही पहिल्या दहा पानांत उरकलेला, म्हणजे वाचकाला पुढे निवांत विचार करता येतो. टीव्हीवाल्यांनी अकराव्या भागापर्यंत तीन खून पाडले होते, आणि बारावा भाग लागायच्या आत चौथा माझ्या हातून होतो की काय, अशी वेळ आली होती.

मी यशोधरा. पस्तीस वर्षं शेती खात्यात नोकरी केली. त्यातली बहुतेक मावळच्या भातगावांत आणि डोंगरावरच्या वाड्यांत पायपीट करण्यात गेली. आता तळेगावजवळ वराळ्याला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. निवृत्तीनंतर बायका योगवर्गाला जातात, सहली काढतात. मी खुनाची गोष्ट लिहिली. तिचं नाव 'अर्धा राब'.

ज्यांनी भातशेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, टहाळ, पाला, गवत असं एकावर एक अंथरतात, वर मातीचा हलका थर देतात आणि सगळं भाजून काढतात. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते आणि पुढे रोप तरारून येतं. हाच राब. खात्याच्या हुकमाने मी पस्तीस वर्षं 'राब भाजू नका' असं सांगत फिरले. लोक शांतपणे ऐकून घ्यायचे, मला कोरा चहा पाजायचे आणि मी वळणाआड गेले की काडी लावायचे.

पण एक गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले. राब वाऱ्याच्या विरुद्ध पेटवतात. वारा पश्चिमेकडून येत असेल तर काडी पूर्वेच्या टोकाला लागते. मग आग वाऱ्याशी झगडत इंच इंच सरकते आणि खालची माती आतपर्यंत भाजली जाते. पेटवणाऱ्याच्या डोळ्यांत धूर जातो, तो जाऊ द्यायचा. उलट, वाऱ्यासोबत पेटवलं तर आग वरच्या वर पळत सुटते. वर काळं दिसतं, खाली सगळं कच्चं.

कादंबरी एवढ्यावरच उभी आहे. लोणावळ्याजवळ वलवणच्या बाजूला बंगला असलेले शिरोळे नावाचे बडे गृहस्थ आपल्या भागीदाराचा खून करतात आणि रक्ताचा सदरा धोंडू नावाच्या गरीब शेतकऱ्याच्या राबात खुपसून पेटवून देतात. आग वरच्या वर पळते, सदऱ्याची बाही शिल्लक राहते, पोलीस धोंडूला उचलतात. मग शेती खात्यातली मंजुळाबाई राब उकरून बघते आणि सांगते, की हा वाऱ्यासोबत पेटवलेला आहे, गावातला माणूस असं करूच शकत नाही. धोंडू सुटतो, शिरोळे अडकतात.

हा धोंडू मी कुणावरून घेतला ते सांगायला हवं, कारण घोळ तिथूनच सुरू झाला. वलवण धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथले शिदूभाऊ आणि त्यांची बायको चिंगीताई यांना मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ओळखते. शिदूभाऊंचं चालणं, आधी हसून मग बोलणं, कानात बिडीचं थोटूक ठेवणं, हे सगळं मी धोंडूला देऊन टाकलं. तळेगावात पुस्तकाचं प्रकाशन झालं तेव्हा मला काय हुक्की आली कोण जाणे. मी शिदूभाऊंना मंचावर बोलावलं, शाल दिली आणि माइकवरून सांगितलं, "हाच माझा धोंडू." टाळ्या पडल्या. स्थानिक पेपरात फोटो आला. शिदूभाऊंनी तो घरात चिकटवला. मी मोठ्या मनाची लेखिका ठरले.

वर्षभराने मालिकावाले आले. करारात 'कथेत आवश्यक ते बदल करण्याचा हक्क निर्मात्याकडे राहील' असं एक वाक्य होतं. माझे यजमान सुहास कारखान्यात सुपरवायझर होते, त्यांना कागद वाचायची सवय. ते म्हणाले, "यशू, हे वाक्य बघून घे." मी म्हटलं, "बघते," आणि सही केली.

मालिका दर शनिवारी रात्री आठला लागायची आणि रविवारी दुपारी पुन्हा दाखवायचे. मी वही घेऊन बसायचे. डाव्या पानावर पुस्तकात काय होतं, उजव्या पानावर यांनी काय केलं. माझी मंजुळाबाई बावन्न वर्षांची, गुडघे दुखणारी, छत्री टेकत चालणारी. त्यांची मंजू सव्वीसची, चामड्याचं जाकीट घालून बुलेटवर फिरणारी. एप्रिलच्या उन्हात चामड्याचं जाकीट! एकाही भागात पोरीला घामोळं आलं नाही. माझ्या पुस्तकात माणसं विचार करतात तेव्हा गप्प बसतात. मालिकेत कुणी विचार केला की ढोल वाजायचे.

"पण वेगवान आहे," सुहास म्हणायचे. "तुझ्या पुस्तकात साठाव्या पानापर्यंत नुसता चहाच पितात."

"साठाव्या पानावरचा चहा महत्त्वाचा आहे," मी म्हणायचे.

तिसऱ्या भागात मात्र मी वही मिटून ठेवली. त्यांनी राब दाखवला होता, आणि काय दाखवला होता! वरचा काळा थर, खाली पिवळं धमक न जळलेलं गवत, त्यात सदऱ्याची बाही. मंजू मातीची मूठ भरते आणि माझं वाक्य जसंच्या तसं म्हणते, "हा राब वाऱ्यासोबत पेटवलाय. गावातला माणूस असं करणार नाही." ढोल नाहीत, काही नाही. मला रडू आलं. पुस्तकात जे समजवायला मला दीड पान लागलं होतं, ते त्यांनी एका मुठीत दाखवलं. मी खुल्या दिलाने उजव्या पानावर लिहिलं, 'हे आपल्यापेक्षा सरस'.

त्या आनंदात मी अकरा भाग काढले. त्यांतल्या आठव्याच्या शेवटी धोंडूच्या झोपडीत मेलेल्या भागीदाराच्या बायकोचे दागिने सापडले आणि त्याला सगळ्या गावादेखत बेड्या घालून नेला. दागिने माझ्या पुस्तकात नव्हतेच. अकरावा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पटकथा लिहिणाऱ्या अमृताचा फोन आला. गोड मुलगी, मला 'मॅडम' म्हणायची.

"मॅडम, शेवटच्या भागात ट्विस्ट आहे. खुनी धोंडूच निघतो."

"धोंडू? का?" मी विचारलं.

"शिरोळ्यांचं काम करणारे सर मोठे आहेत ना," ती म्हणाली. "त्यांची मसाल्याची जाहिरात चालू आहे. खुनी दाखवलं तर कंपनी नाराज होईल, असं त्यांचं म्हणणं. आणि धोंडूवर कुणाला संशय येत नाही, त्यामुळे धक्काही चांगला बसतो."

"अगं, तिसऱ्या भागात तुम्हीच सांगितलंत की गावातला माणूस असा राब पेटवत नाही."

"ते प्रेक्षक विसरलेत, मॅडम. आणि एक काम होतं. गुरुवारी आम्ही धोंडू राब पेटवतो ते दृश्य वलवणच्या वर करतोय. राब घालणारी माणसं मिळतील का तुमच्या ओळखीत?"

माझीच गाय, मलाच विचारतात सुरी कुठे मिळेल. मी फोन आपटणार होते. पण तेवढ्यात शिदूभाऊंचा मुलगा विकास याचा फोन मधेच वाजायला लागला आणि मी अमृताला "कळवते" म्हणून तो घेतला.

विकास वलवणला एका बंगल्यावर राखणदार आहे. त्याने सांगितलं ते असं. कुणीतरी प्रकाशनाचा तो जुना फोटो शोधून काढला होता, 'हाच माझा धोंडू' या मथळ्यासकट, आणि त्याखाली मालिकेतला बेड्या घातलेला धोंडू जोडून मोबाइलवर फिरवला होता. लोणावळ्याच्या बाजारात पोरंटोरं शिदूभाऊंना हाका मारत होती, "ए धोंडू, दागिने कुठं ठेवलेस?" बंगल्याच्या मालकिणीने विकासला विचारलं होतं, तुझ्या वडिलांची खरंच काही केस आहे का. आणि शिदूभाऊ दोन आठवडे वाडीतून खाली उतरलेच नव्हते.

"बा काय बोलत न्हाई," विकास म्हणाला. "भितीवरचा फोटू काढून ठिवलाय. आता शेवटच्या भागात सुटंल ना तो धोंडू? पुस्तकात सुटतो, असं तुमीच सांगितलतं."

पुढच्या शनिवारी तो सुटणार नव्हता. उलट, कबुली देणार होता. सबंध महाराष्ट्रासमोर शिदूभाऊंना खुनी धोंडू हे नाव कायमचं लागणार होतं, आणि ते नाव त्यांना चिकटवलं कुणी? मी. माइक हातात घेऊन.

मी अमृताला उलट फोन केला. "राब घालायला माणसं देते," म्हटलं. "पण मीही येणार." आणि मग वाडीवर गेले.

शिदूभाऊ ओसरीवर बसून सुंभ वळत होते. मी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. ते ऐकून म्हणाले, "म्हंजे त्या खोट्या धोंडूचा राब बी म्याच घालायचा?"

"तुम्हीच घाला," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणी घातला तर ते काहीही दाखवतील. तुम्ही तिथे असाल तर निदान कुणीतरी खरं बोलणारं असेल."

चिंगीताई दारातून म्हणाल्या, "घाला हो. वाईच आमाला बी बघू द्या, कसा खून करत्यात त्ये."

गुरुवारी चारच्या सुमाराला वाडीखालच्या भातखाचरात जत्रा भरली होती. गाड्या, दिवे, छत्र्या, पन्नासेक माणसं. शिदूभाऊंनी सकाळपासून तीन राब घालून ठेवले होते, भोवतालचं गवत चांगलं लांबवर खरडून. वारा घाटाकडून, पश्चिमेचा, बऱ्यापैकी जोरात होता. दिग्दर्शक राजेंद्र टोपी उलटी घालून फिरत होता. माणूस सभ्य, मला खुर्ची दिली. शिरोळे झालेले नटवर्य पांढरा कोट घालून छत्रीखाली नारळपाणी पीत होते. त्यांना फक्त लांबून आगीकडे बघायचं होतं. वाडीतल्या बायका बांधावर रांगेत बसल्या होत्या.

"शिदूभाऊ, आधी एकदा तुम्ही पेटवून दाखवा," राजेंद्र म्हणाला. "आमचा धोंडू बघून तसंच करेल."

शिदूभाऊंनी बोट ओलं करून वारा पाहिला, पूर्वेच्या टोकाला गेले, उकिडवे बसले आणि काडी लावली. धुराचा लोट थेट त्यांच्या तोंडावर आला. ते डोळे मिटून थोडे मागे सरले, एवढंच. आग दिसेचना. नुसती लाल किनार, आणि ती गोगलगाईसारखी सरकत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कॅमेऱ्यात धूर आणि धुरात खोकणारा म्हातारा, बाकी काही नाही.

"आग कुठाय?" राजेंद्रने विचारलं.

"खाली हाय की," शिदूभाऊ म्हणाले.

"मला वर पाहिजे. तिसऱ्या भागात दाखवलंय ना, आग पळाली म्हणून."

"मंग ती त्या अंगानं लावाय लागंल." शिदूभाऊंनी पश्चिमेकडे हात केला. "पन तसं आमच्यातलं कुनी लावत न्हाई."

मी खुर्चीवरून उठले. "राजेंद्र, हेच तर तुमची मंजू म्हणाली होती. पुरावा माझ्या पुस्तकातला ठेवलात आणि गुन्हेगार बदललात. आता पुरावा तुमच्याच माणसाविरुद्ध साक्ष देतोय."

अमृताने लॅपटॉपवरून वर पाहिलं. राजेंद्र मात्र पक्का होता. "ताई, तो घाईत आहे. खून करून आलाय, घाबरलाय. घाबरलेला माणूस कुठूनही काडी लावेल."

"सायेब," शिदूभाऊ डोळे पुसत म्हणाले, "घाई झाली म्हून मानूस नाकात घास घालतो का? घाईत तर हाताला जे वळन हाय तेच हात करतो. इचार करायला येळ असला तरच मानूस येगळं काय करंल."

बांधावर एकदोघी हसल्या. अमृता काहीतरी लिहून घेत होती.

"बरं," राजेंद्र म्हणाला, "मग शिरोळ्यांसारखा माणूस तसंच पेटवेल, हे तरी कशावरून? तोही चुकून बरोबर बाजूने पेटवेल. शेवटी योगायोगच ना?"

"माझ्यावरून," मी म्हणाले.

हे मी ठरवून आले नव्हते. तोंडातून निघून गेलं आणि मग थांबता येईना.

"नव्वद सालच्या उन्हाळ्यात मी नोकरीत नवीन होते. राबाने किती नुकसान होतं त्याचा फोटोसकट अहवाल साहेबांना पाहिजे होता. फोटोत आग मोठी दिसावी म्हणून काडी मीच लावली, याच खाचरात. पूर्वेच्या टोकाला धूर अंगावर आला असता, म्हणून मी इकडे, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. ज्याला माहीत नाही तो वाऱ्याकडे पाठच करतो, कारण धूर कुणाला नको असतो. आग पळाली. शिदूभाऊंची गवताची गंजी गेली, गोठ्याचं अर्धं छप्पर गेलं. आणि अहवालात मी काय लिहिलं माहीत आहे? 'शेतकऱ्याच्या निष्काळजीपणामुळे.' मग शिदूभाऊंना तालुक्याला बोलावणं आलं. तीन खेपा बाहेर बसवून ठेवलं, साहेबांनी नाही नाही ते सुनावलं. यांनी एकदाही सांगितलं नाही की बाईंनी लावली म्हणून. पुस्तकात मी हे लिहिलं नाही. पुस्तकात मी मंजुळाबाई झाले, सगळं कळणारी."

शिदूभाऊ जमिनीकडे बघत होते. चिंगीताई बांधावरून म्हणाल्या, "समद्या वाडीला म्हाइत हाय त्ये. तुमालाच वाटत हुतं कुनाला ठावं न्हाई."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि तेवढ्यात नटवर्यांनी नारळ खाली ठेवला.

"मी लावून बघू?" ते म्हणाले. "मला कुणी काही सांगू नका. मी आयुष्यात चूलसुद्धा पेटवलेली नाही."

राजेंद्र नको म्हणेपर्यंत ते काडेपेटी घेऊन दुसऱ्या राबाकडे निघालेसुद्धा. आधी पूर्वेच्या टोकाला गेले. पहिल्या राबाचा धूर त्यांच्या अंगावर आला तसे कोट झटकत, नाक दाबत वळसा घालून पश्चिमेला आले. वाऱ्याकडे पाठ करून ऐसपैस उभे राहिले, वाकले आणि काडी लावली. बांधावरच्या सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

भडका उडाला आणि आग सुसाट पळाली. दोन मिनिटांत ती दुसऱ्या टोकाला पोचून विझायलाही लागली. कॅमेरावाला हुशार, त्याने आधीच यंत्र चालू केलं होतं. राजेंद्र, अमृता, नटवर्य आणि मी, सगळे कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून बघायला लागलो. पांढऱ्या कोटाची टोकं वाऱ्याने पुढे उडताहेत, समोर आग पळतेय आणि तो माणूस शांतपणे तिच्याकडे बघतोय. खरं सांगते, मला माझ्याच शिरोळ्यांची भीती वाटली. लिहिताना वाटली नव्हती.

शिदूभाऊ कुदळ घेऊन आले. त्यांनी आधी पहिल्या राबाचा भाजून झालेला भाग उकरला. माती आतपर्यंत राखाडी, हातात चुरा व्हावा अशी. मग नटवर्यांचा राब उकरला. दोन बोटांखाली पिवळं गवत, ओला पाला, शेणाचा पो जसाच्या तसा.

"बगा," शिदूभाऊ म्हणाले. "हितं सदरा ठिवला असता तर बाही ऱ्हायली असती. माझ्या राबात बटनं बी सापडली नसती."

नटवर्य अजून पडद्यासमोरच होते. "राजेंद्र, हा शॉट कापायचा नाही."

"सर, हा ठेवायचा तर खुनी तुम्ही," राजेंद्र म्हणाला.

"मग मीच."

"आणि मसाला?" अमृताने विचारलं.

"खुनी काय अळणी जेवतो?" नटवर्य म्हणाले आणि पुन्हा एकदा तो शॉट लावायला सांगितला.

मी सुहासना फोन लावला आणि फक्त एवढंच म्हटलं, "जिंकलो." ते म्हणाले, "कोण, पुस्तक की मालिका?" मी म्हटलं, "शिदूभाऊ."

अमृता एका दगडावर बसून तिथेच शेवट नव्याने लिहायला लागली. दागिने शिरोळ्यांनीच झोपडीत ठेवले, हे तिने पाच मिनिटांत जमवलं. पोरगी हुशार आहे, हे मी उजव्या पानावर लिहायला हवं होतं. मग तिने मला वाचून दाखवलं. धोंडू कोठडीतून सुटतो आणि एकटा डोंगर चढत घरी जातो. "अगदी पुस्तकाप्रमाणे, मॅडम." मी समाधानाने मान डोलावली. माझं सगळ्यात आवडतं पान होतं ते.

चिंगीताई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. "मंग फौजदार काय म्हनला त्येला?"

"काही नाही," अमृता म्हणाली. "सोडून दिलं."

"धरला तवा समद्या गावाम्होरं बेड्या घालून न्हेला. आन सोडला गुपचूप? मंग गावाला कळायचं कसं, ह्यानं काय क्येलं न्हाई म्हून? त्यो आपला एकलाच डोंगर चढतोय."

अमृताने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकाची लेखिका, पण दोनशे दहा पानांत मला ते सुचलंच नव्हतं. अमृताने शेवटचं पान खोडलं.

रविवारी दुपारी सुहास आणि मी वाडीत गेलो. शनिवारी रात्री वाडीची वीज गेली होती, त्यामुळे कुणीच भाग बघितला नव्हता, आणि मीही मग घरी टीव्ही लावला नव्हता. देवळासमोरच्या मांडवात विकासने टीव्ही आणून ठेवला होता. अख्खी वाडी जमली होती. शिदूभाऊ सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसले होते.

नटवर्यांचा शॉट आला तेव्हा शिट्ट्या पडल्या. "धूर नगं हुता सायबाला," कुणीतरी ओरडलं. शिरोळ्यांना बेड्या पडल्या. मग चावडीसमोर गाव गोळा झालेलं, आणि मधोमध धोंडू. फौजदार गाडीतून उतरतो, टोपी काढून हातात घेतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "धोंडूभाऊ, तुमी काय केलं न्हवतं. चूक आमची झाली." पुन्हा ढोल नाहीत. मांडवातली झाडून सगळी माणसं मागे वळून शिदूभाऊंकडे बघत होती. शिदूभाऊ टीव्हीकडे बघत होते.

माझ्या पुस्तकात ही जागा कोरी आहे. ती कोरी का राहिली ते मला त्या मांडवात कळलं. जे मला म्हणता येत नव्हतं, ते मी धोंडूला तरी कुणाच्या तोंडून ऐकवणार? मी उठले. भाग संपून जाहिरात लागली होती आणि नटवर्य मसाल्याचं पाकीट हातात धरून हसत होते. विकासने आवाज बंद केला.

"शिदूभाऊ," मी म्हणाले, "नव्वद साली आग मी लावली आणि नाव तुमचं लिहिलं. तुम्ही काही केलं नव्हतं. चूक माझी होती. मला माफ करा."

ते आधी हसले.

"बरं क्येलं, बोलला," ते म्हणाले. "पन वाडीला ठावंच हाय. उंद्या बाजार हाय लोनावळ्याला. म्या येतो खाली. तुमी बी या. तितं बोला."

मी गेले. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी, भाजीवाल्यांच्या ओळीत उभी राहून मी बोलले. आधी भीत भीत, मग आवाज चढवून. पस्तीस वर्षं शेतकऱ्यांच्या सभा घेतल्या आहेत, आवाज माझ्याकडे आहे. लोक थांबले. दागिन्यांवरून हाका मारणाऱ्या पोरांपैकी एकाने कालचा भाग बघितला होता; त्याने मान खाली घातली आणि "सॉरी, आबा" म्हणाला. भांड्यांच्या दुकानदाराने शिदूभाऊंना स्टूल दिलं. ते काही बसले नाहीत. फेटा नीट करून ताठ उभे राहिले, आणि मी बोलत असताना एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत राहिले, ऐकलं ना, याची खात्री करत. पलीकडच्या ओळीतली माणसं काय झालं म्हणून आली, तेव्हा त्यांच्यासाठी मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग स्टेशनकडून आणखी काही आली.

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर शिदूभाऊ म्हणाले, "बास आता, बाई. मला मिरच्या घ्यायच्या हायेत."